दोघांची सही

नूतनला तिसरीही मुलगीच झाली आणि कोरोनाच्या धाकाने बारशाला जेमतेम सात-आठ माणसं जमली, ते २०२१ साल. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर नूतनचा बाप, लोटू देसले, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून सुटला. चौतीस वर्षं त्याने स्टेंटरवर काढली होती. रंगवलेला ओला कपडा ताणून गरम हवेत वाळवणारी ती लांबलचक मशीन. तिच्या तोंडाशी उभं राहून लोटूच्या भुवया केव्हाच विरळ झाल्या होत्या, आणि बायकोशी बोलणंही तसंच कोरडं झालं होतं.

बोलणं कोरडं व्हायला मात्र नुसती मशीन कारण नव्हती. बारा वर्षांपूर्वी नूतनच्या नवऱ्याला, वाल्मिकला, भागीत कापड विणायचा लूम घ्यायचा होता. तेव्हा लोटूच्या बायकोने, मंगलाबाईने, आपली सोन्याची पोत गुपचूप लेकीच्या हातात दिली. लोटूला ते कळलं अमळनेरला एका लग्नात, चार माणसांत, एका म्हातारीने मंगलाबाईच्या रिकाम्या गळ्याकडे बघून विचारलं तेव्हा. तो ओरडला नाही. त्या महिन्यापासून त्याने पगार बायकोच्या हातात द्यायचं बंद केलं, ते कायमचं. वाल्मिकचा लूम पुढे दोन वर्षांत विकला गेला. लोटूला त्यात कुठेतरी बरंच वाटलं होतं.

सुटल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून चार लाख आले. मंगलाबाईचे दीड लाख निराळे होते. नवागामच्या खोलीत, दारातल्या उजेडात बसून, तिने वीस वर्षं साड्यांना टिकल्या चिकटवल्या होत्या. एका साडीचे कधी सहा रुपये, कधी नऊ. ते पोस्टात साठले होते आणि त्यांचीही मुदत नेमकी तेव्हाच भरली.

पैसा आल्याची खबर लागली योगराजला. लोटूबरोबर मिलमध्ये काम केलेल्या मगनचा हा मुलगा. रिंग रोडवरच्या एका ब्रोकरच्या ऑफिसात तो कामाला होता. लोटूने त्याला लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवले होते, म्हणून तो त्याला घरचाच समजायचा. योगराज नवागामला येऊन चहा प्यायला आणि म्हणाला की बँकेत आता पाच टक्केसुद्धा धड मिळत नाहीत. त्यांच्याकडे एक नवाकोरा फंड निघालाय. परदेशातल्या कंपन्यांना कर्ज द्यायचं आणि त्यांच्याकडून आठ-नऊ टक्के घ्यायचे. वर डॉलर चढला तर तो फायदा निराळा. युनिट फक्त दहा रुपयाला, पंधरा दिवसांत बंद होणार.

दहा रुपयाला, हे लोटूच्या मनात बसलं. मिलमध्ये नव्या क्वालिटीचा पहिला माल स्वस्त जातो आणि मागून भाव चढतो, हे त्याने चौतीस वर्षं पाहिलं होतं. फंडात तसं नसतं, सगळेच नवे फंड दहालाच निघतात, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

दोघंही ब्रोकरच्या ऑफिसात गेली. एसीची सवय नसल्याने मंगलाबाईने पदर कानावरून घेतला. योगराजने माहितीचा कागद पुढे ठेवला. त्यावर अर्धगोल तबकडी छापलेली होती, हिरव्यापासून लालपर्यंत, आणि काटा थेट लाल टोकाला टेकलेला. योगराज त्यावरून बोट फिरवत घाईघाईने म्हणाला, ‘‘हे लोटूकाका, जोखमीचं असतं. कायद्याने छापावंच लागतं. सगळ्यांवर असतं.’’

लोटूने काटा पाहिला आणि त्याला उलट धीर आला. स्टेंटरवर काटा खाली असला म्हणजे मशीन गार, कपडा ओला, मास्तरच्या शिव्या. काटा वर गेला म्हणजे काम सुरू. मेलेल्या काट्याच्या मशीनवर कोणी पैसे मिळवलेत? तो योगराजला म्हणाला, हां, गरम आहे मशीन. योगराज मोठ्याने हसला आणि त्याने पेन पुढे केलं.

मंगलाबाई एवढंच म्हणाली, ‘‘चांगला मानूस इतलं व्याज कसाले दी?’’

योगराज जरा गडबडला. खरं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं. पत धड नाही म्हणूनच त्या कंपन्या जास्त व्याज देत होत्या. पण त्याला त्या महिन्याचा आकडा पुरा करायचा होता. तो म्हणाला, काकू, परदेशात असंच असतं.

‘‘तू गप बैस,’’ लोटू म्हणाला. ‘‘तुले काय समजस?’’

पण दीड लाख तिचे होते, त्यामुळे फॉर्मवर तिचंही नाव आलं. मग योगराजने विचारलं की खातं कसं चालवायचं. दोघांपैकी कोणीही एकाने सही केली तरी पैसे निघावेत, की दोघांनी मिळून केली तरच? त्याने स्वतःच सुचवलं, कोणीही एक ठेवा, सोपं पडतं, वयाची माणसं तुम्ही.

लोटूच्या डोळ्यांपुढे तो रिकामा गळा आला. ही एकटी येईल, सही ठोकेल आणि सगळं नेऊन लेकीच्या पदरात टाकील.

‘‘दोघांची,’’ तो म्हणाला. ‘‘दोघांच्या सहीशिवाय एक रुपया निघायला नको.’’

योगराजने चौकटीत खूण केली. मंगलाबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. तिने सही केली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं लावलेली.

फंड दोन महिन्यांतच उतरायला लागला. परदेशात घरं बांधणाऱ्या काही मोठ्या कंपन्या व्याज देईनाशा झाल्या, तिकडचे व्याजदर चढले, आणि फंडात असलेल्या जुन्या रोख्यांची किंमत पडली. असं योगराज फोनवर सांगायचा. दहाचं युनिट आठ रुपये साठ पैशांवर आलं. योगराज म्हणायचा, आता काढू नका, तोटा पक्का होईल, तीन वर्षं धरून बसा. हळूहळू त्याचा फोन उचलणंही कमी झालं.

त्यातच मार्चमध्ये नूतनचं घर मोडायला आलं. वाल्मिक दुसऱ्याच्या लूमवर बारा तास राबायचा, पण खोलीमालकाला खोली विकायची होती. आधी भाडेकरूला देतो म्हणाला, दोन लाख आगाऊ आणा, नाहीतर महिन्यात रिकामी करा. तीन मुली घेऊन नूतन आईकडे आली.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई बस पकडून एकटी ब्रोकरच्या ऑफिसात गेली. पैसे काढायचा फॉर्म घेऊन आली. त्यावर दोन चौकटी होत्या. एकीत तिने नाव लिहिलं आणि कागद लोटूच्या ताटाशेजारी ठेवला.

‘‘मना पैसा शेतस,’’ ती म्हणाली. ‘‘तुमना नही मांगत.’’

लोटू जेवत राहिला. मग म्हणाला, ‘‘पडेल भावमां कोन इकस?’’

भाव पडलाय, ही त्याला आयती मिळालेली सबब होती. फंड चढलेला असता तर तो म्हणाला असता, आणखी चढेल. तो फॉर्म आठ दिवस फडताळावर डब्याखाली राहिला. रोज सकाळी मंगलाबाई तो काढून त्याच्यापुढे ठेवायची. नवव्या दिवशी लोटूने तो तिच्यादेखत फाडला, चार तुकडे केले आणि चुलीजवळच्या केराच्या टोपल्यात टाकले. नूतनची खोली गेली. ती मुलींना घेऊन कामरेजला वाल्मिकच्या मावसभावाच्या पत्र्याखाली राहायला गेली. मंगलाबाईने त्यानंतर नवऱ्याला वाढलं, धुतलं, आजारात काढा दिला. बोलली मात्र कामापुरतं.

जुलैत, साडीवर टिकल्या लावता लावता, तिच्या हातातून चिमटा पडला. तो उचलायला ती वाकली आणि उजव्या अंगावर कलंडली. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायची, आणि वाचा गेली. सगळ्या वाचेतून एकच शब्द तिच्याजवळ उरला, नूतन. पाणी हवं तरी नूतन, उन्हाची तिरीप डोळ्यावर आली तरी नूतन. लोटू समोर येऊन बसला की त्यालाही ती नूतनच म्हणायची.

डॉक्टरांनी लोटूला बाहेर बोलावून समजावलं. मानेतली एक नस जवळजवळ बंद आहे. ती मोकळी केली नाही तर दुसरा झटका येईल, आणि तो असा सोडणार नाही. इथे नंबर लागायला वेळ आहे. बाहेर खाजगीत करणार असाल तर दोन-सव्वादोन लाख लागतील, पण महिनाभरात करा. फुकट उपचाराच्या सरकारी कार्डाचं विचारलं तर रेशनकार्ड अजून गावचंच, अमळनेर तालुक्यातलं. सुरतेत ते चालेना.

पैसे होते. साडेपाच लाखांचे साडेचार झाले असले तरी होते. लोटू धावत रिंग रोडला गेला. योगराजने संगणकात पाहिलं आणि मान खाजवली. खातं दोघांचं मिळून आहे, त्यामुळे मोबाईलवरून काही होत नाही, कागदच लागतो, आणि कागदावर दोघांची सही.

‘‘मार्चमध्ये काकू फॉर्म घेऊन गेल्या होत्या,’’ योगराजला आठवलं. ‘‘त्यांनी सही करून ठेवला असेल ना? तोच आणा. तुमची आज करा.’’

लोटूने नवाच फॉर्म मागितला, आणि तिचा हात गेलाय म्हणाला. योगराजने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग त्याने दुसरा रस्ता सांगितला. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पण बँकेच्या मॅनेजरसमोर. माणसाला समजतंय आणि तो राजीखुशीने देतोय, अशी त्यांनी खात्री करून शिक्का मारायचा.

कामरेजहून नूतन आली. बापलेकीने मंगलाबाईला रिक्षात घालून बँकेत नेलं. तिला कोचावर बसवलं. मॅनेजरबाई गुजराती होत्या, चांगल्या होत्या, काउंटर सोडून स्वतः बाहेर आल्या आणि तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. ‘‘मासी, आ पैसा काढवाना छे?’’ त्यांनी विचारलं. मग तेच हिंदीत. हो असेल तर नुसती मान हलवा, म्हणाल्या.

‘‘नूतन,’’ मंगलाबाई म्हणाली.

मॅनेजरबाईंनी लोटूकडे पाहिलं. लोटू म्हणाला, ती सगळ्यालाच तसं म्हणते. बाईंनी शाईची डबी उघडून जवळ आणली. नूतनने आईचा उजवा हात उचलला. त्याला काय, तो कसाही उचलला जायचा. तेवढ्यात मंगलाबाईने डाव्या हाताने त्या हाताचा अंगठा धरला. आपल्या जिवंत मुठीत मेलेला अंगठा गच्च धरून ती बसली. नूतनने मूठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. एवढा जोर तिच्यात कुठून आला कोणास ठाऊक.

‘‘आई, सोड. ऑपरेशनसाठी आहेत. तुझ्यासाठी आहेत,’’ नूतन तिच्या कानाशी म्हणाली.

मंगलाबाईने लेकीकडे पाहिलं, मग लोटूकडे पाहिलं. ‘‘नूतन,’’ ती लोटूला म्हणाली. स्वच्छ, सावकाश, एखाद्याला हिशोब सांगावा तशी.

तिला काही समजत नव्हतं म्हणून तिने अंगठा दिला नाही, की सगळं समजत होतं म्हणून दिला नाही, हे मॅनेजरबाईंना कळणं शक्य नव्हतं. त्यांनी डबी मिटली. सॉरी काका, म्हणाल्या, अशा स्थितीत मी शिक्का नाही मारू शकत. फार तर कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्या. त्याला किती दिवस लागतील विचारलं तर त्यांनी नुसते हात पसरले.

परत येताना रिक्षात, नवागामच्या वळणावर, नूतन म्हणाली, ‘‘आबा, ‘दोघांची’ असं तुम्हीच लिहायला लावलंत ना? आईने सांगितलं होतं मला.’’ लोटूने रिक्षावाल्याला वळण दाखवलं. मंगलाबाईची मूठ अजून तशीच होती.

त्यानंतर लोटू वकिलाकडे गेला. मिलमधल्या जुन्या सोबत्यांकडे गेला. त्यांनी हजार-दोन हजार दिले, तोंड न लपवता दिले, पण त्यात नस मोकळी होणार नव्हती. योगराजला त्याने एकदा शिवी दिली. योगराज म्हणाला, मी तर तुम्हाला कोणीही एक ठेवा म्हणालो होतो. ते खरंच होतं, म्हणून ती शिवी लोटूच्याच अंगावर राहिली. सरकारी दवाखान्यातला नंबर ऑक्टोबरच्या चार तारखेचा मिळाला. तोवर थांबायला झटका काही बांधील नव्हता.

मंगलाबाई गेल्यावर वस्तीतल्या बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली, तीही अविधवा नवमीला. त्यांनी तिला हिरवी साडी नेसवली. लोटू भिंतीला टेकून ते भाग्य ऐकत होता.

पुढचं सगळं सोपं झालं. दोघांतला एक मेला की खातं उरलेल्याचं होतं. मृत्यूचा दाखला, त्याची एक झेरॉक्स, आणि लोटूची एकट्याची सही. मॅनेजरबाईंनी काही न विचारता शिक्का मारला. सव्वीस दिवसांत पैसे त्याच्या बँकेत आले. बाई जिवंत असताना तिचा अंगठा लागत होता, मेल्यावर तिची काहीच गरज राहिली नाही.

लोटू कामरेजला गेला. दीड लाखांचा चेक त्याने नूतनपुढे धरला. पडलेल्या भावाने ते एवढे झाले नव्हते, पण कमी पडले ते त्याने आपल्यातून घातले होते. तसं त्याने बोलूनही दाखवलं, आणि बोलल्यावर त्याला वाटलं, बोलायला नको होतं. नूतनने चेक घेतला. नको म्हणायची तिची ऐपत नव्हती. दोनदा घडी घालून तिने तो पोलक्यात ठेवला आणि पत्र्याखाली मुलींच्या भाकरी भाजायला बसली. बापाला तिने चहा विचारला नाही. तो रस्त्याला लागला.

मंगलाबाई लोटू देसले, वय छप्पन, नवागामच्या राहत्या खोलीत सोमवारी, १९ सप्टेंबर २०२२ रोजी, सकाळी साडेदहा वाजता दुसऱ्या झटक्याने वारली.