मी, विंगेतलं बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, लिफ्टचं तर मुळीच नव्हे. मोबाइलच्या एका अ‍ॅपमध्ये खालच्या कोपऱ्यात अर्धा पांढरा, अर्धा काळा असा गोल दिसतो ना, तो मी. मला दाबलं की पांढरा पडदा काळा होतो आणि अक्षरं उजळतात. पुन्हा दाबलं की सगळं पहिल्यासारखं. काम एवढंच, पण ते मी चोख करतो. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

हे अ‍ॅप एका मुलीने आपल्या वडिलांसाठी बनवलं. बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहेत. रंगमंचाच्या बाजूला, विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही असं उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. उभा जन्म त्यात गेला. पण हल्ली डोळे दगा देऊ लागले आणि कागदावरची बारीक अक्षरं दिसेनात. म्हणून लेकीने अख्खं नाटक फोनवर आणलं आणि अक्षरं बोराएवढी केली.

पहिल्याच प्रयोगाला घोटाळा झाला. पांढऱ्या पडद्याच्या उजेडात विंगेतल्या बाबांचा चेहरा लख्ख उजळला. रंगमंचावर नायिका ओसाड घरात एकटीच रडत होती. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "एकटी कुठे? हे काका आहेत की सोबतीला." सगळीकडे हशा पिकला आणि नायिकेचं रडणं वाया गेलं.

दिग्दर्शक वयाने लहान, पण कामाला कडक. "काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण असंच होत राहिलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या दिवशी जेवताना बाबांनी हे लेकीला सांगितलं आणि अर्ध्या ताटावरून उठले. हे काम गेलं तर बाबा नुसते घरात बसून राहतील आणि आतून खचतील, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"काळजी करू नका, बाबा. मी पडदा काळा करून देते."

पोरगी हुशार, पण भारी घाईची. पहिल्या खेपेला तिने पडदा काळा केला आणि अक्षरंही काळीच ठेवली. बाबांनी फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पाहिला.

"अगं, यातलं नाटक कुठे गेलं?"

तिने कपाळावर हात मारला आणि अक्षरं उजळ केली. मग ऐटीत सांगितलं, "दिवस मावळला की पडदा आपोआप काळा होईल आणि उजाडलं की पांढरा. तुम्हाला काही करायलाच नको."

"एखादं बटण वगैरे?"

"बटण कशाला? आपोआप होतंय ना."

मी तेव्हा तिच्या मनातसुद्धा नव्हतो, तरी हे वाक्य मला अजून झोंबतं.

संध्याकाळचे प्रयोग झकास झाले. मग दुपारचा प्रयोग ठरला आणि त्याची रंगीत तालीमही दुपारीच ठेवली. बाहेर रणरणतं ऊन, विंगेत मिट्ट काळोख. फोनला फक्त घड्याळ कळतं, त्यामुळे त्याने पडदा पांढराशुभ्र केला. दिग्दर्शकाने तालीम थांबवली.

"काका, आता हा प्रयोग तेवढा बघतो. मग ठरवू."

घरी लेक म्हणाली, "फोन बिघडला असेल."

"फोन ठीक आहे. तू एकदा माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती विंगेत जाऊन उभी राहिली. हात पुढे केला तर तो दिसेना.

"बाबा, इथे कायम असंच असतं?"

"कायम."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारतेस कुठे? थेट करूनच आणतेस."

ती ओशाळली, हसली आणि पहिल्यांदाच नीट विचारू लागली. मग कळलं की पडदा कायमचा काळा करूनही भागणार नाही. मेकअपच्या खोलीत झगझगीत दिवे असतात. तिथे बाबा आधी नाटक वाचून घेतात आणि तिथे त्यांना पांढऱ्यावर काळं लागतं. म्हणजे कधी काय हवं, हे फक्त बाबाच सांगू शकत होते.

तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसून तिने मला जन्माला घातलं. आधी लपवलं होतं पार आत, सेटिंगच्या पोटात. बाबा म्हणाले, "घंटा वाजल्यावर तुझं बटण शोधत बसू का?" तेव्हा मी बाहेर आलो, थेट त्यांच्या अंगठ्याखाली.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपच्या खोलीतून विंगेत पाऊल टाकताना बाबांनी मला दाबलं. मी पडदा काळा केला आणि तसाच धरून ठेवला. दुसऱ्या अंकात नायकाचं लांबलचक भाषण मधेच अडलं. त्याने विंगेकडे पाहिलं. काळोखातून हलकेच आवाज आला, "दार मी उघडलंच नव्हतं." नायकाने वाक्य उचललं. प्रेक्षकांना वाटलं, बिचारा दुःखाने थांबला होता. एका बाईंनी तर रुमाल काढला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक तणतणत आला. "काका, त्या भाषणाच्या वेळी होता कुठे? मी समोरून बघत होतो, विंगेत कोणीच नव्हतं."

"इथेच होतो."

दिग्दर्शकाने फोनकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्याचा आवाज खाली आला.

"मग इथेच राहा, काका."

लेक मागे उभी होती. तिने तोंड फिरवून डोळे पुसले. मला मात्र रडूबिडू आलं नाही, आपल्या कामाची मला खात्री होती.

आता मी पुष्कळ फोनांत आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, उजेड किती हवा हे घड्याळाला विचारू नका, माणसाला विचारा. आणि तुम्ही कधी नाटकाला गेलात तर विंगेत बाबांना शोधू नका. ते दिसले नाहीत, तर समजा आम्ही दोघं कामावर आहोत.