खिडकीची कॉट

“‘चूक दाखवली तर वरिष्ठ ऐकून घेतात का?’ ह्याला समद्यांनी ‘नेहमी’वर टिक करायची. कळलं का?” पूर्णिमा सिस्टर म्हणाल्या.

हॉस्पिटलात पेशंट किती सुरक्षित आहे, याबद्दल नर्सिंगच्या मुलींना काय वाटतं ते कॉलेजला मोजायचं होतं. त्यासाठी वाटलेल्या प्रश्नांच्या कागदावर नाव लिहायचं नव्हतं, म्हणजे मन मोकळं करायला हरकत नव्हती. फक्त वॉर्डच्या इन्चार्ज पूर्णिमा सिस्टर डोक्यावर उभ्या होत्या, आणि त्यांच्याच शेऱ्यावर वर्ष पास व्हायचं होतं! तिसऱ्या वर्षाच्या तमन्नाने तो प्रश्न कोराच ठेवला. खोटं लिहायला हात धजेना, खरं लिहायला छाती होईना.

“ऱ्हाऊ दे ते. सात नंबरला इन्शुलिन द्यायचंय, चल.”

वॉर्डात माणसाला नाव नसतं, कॉटचा नंबर असतो. सात नंबर म्हणजे मधुमेहाचे बाळासो. सिस्टर आजच रजेवरून आलेल्या, त्यांना चेहरे ठाऊक नव्हते. खिडकीजवळच्या सात नंबरवरच्या म्हाताऱ्याने मुकाट्याने बाही वर केली. तमन्नाने चेहरा ओळखला. हे तर आकाराम, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेले.

“सिस्टर, थांबा. ह्ये ते न्हाईत.”

“मला शिकवतीस? नंबर दिसत न्हाय व्हय?”

“दिसतोय की. पर आधी नाव इचारा त्यांचं.” तिने चक्क सिस्टरांचा हात धरला. बाकीच्या पोरींनी माना खाली घातल्या.

“नाव काय तुमचं?” सिस्टर खेकसल्या.

“आकाराम. नेसरीचा.”

आठ नंबरवरून बाळासो हसले. “मीच दिली कॉट. पावणं लांबनं आल्यात, म्हटलं जरा वारं लागंल.”

“आवो, मग सुई बघून बोलायचं न्हाय का?” सिस्टरांनी आकारामांना विचारलं.

“सिस्टर देत्यात म्हंजी बरोबरच आसंल की.”

सिस्टरांचा चेहरा उतरला. उपाशी माणसाची साखर इन्शुलिनने आणखी खाली गेली असती, तर ऑपरेशन राहिलं बाजूला, जिवावरच बेतलं असतं. त्या तडक मुलींच्या टेबलाकडे वळल्या. गेलं आपलं वर्ष, तमन्नाला वाटलं.

सिस्टरांनी भरलेले सगळे कागद उचलले आणि टराटरा फाडले.

“कॉलेजच्या मॅडमकडनं नवं कागद घ्या. मी भाईर थांबतो. खरं काय ते लिवा.”

तमन्नाने ‘कधी कधी’वर टिक केली. तेवढं आता खरं होतं, आणि तिला इतका आनंद झाला की पेन खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी सिस्टर इन्शुलिन घेऊन बाळासोंपाशी आल्या. “आण्णा, पूर्ण नाव सांगा.”

बाळासोंनी बापाच्या नावासकट, कळंबा गावासकट ते असं दणक्यात सांगितलं, की अख्खा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. भरलेली सिरिंज त्यांनी तमन्नापुढे धरली.

“बघ.”

तमन्नाने बाटलीवरचं नाव वाचलं, मात्रा वाचली, बाळासोंचा चेहरा बघितला.

“द्या आता,” ती म्हणाली. मग सिस्टरांनी सुई टोचली.