बिननंबरी काचा

कोणीच हसले नाही, आणि मग कोणाला बोलताही येईना.

दुकानातल्या तिन्ही आरशांत ती एकच शांतता तीन कोनांतून उभी होती. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून राहिला. सून काउंटरवरच्या एका फ्रेमच्या काड्या उगाच मिटत आणि उघडत होती. आतल्या खोलीत काचा घासणाऱ्या मामांचे यंत्र एरवी सगळे बोलणे बुडवून टाकी, तेही नेमके आत्ताच थांबले होते.

चष्म्याच्या दुकानावर नवी पाटी लागायची होती आणि तिच्यावर फोटो हवा होता: काउंटरमागे सासू आणि सून, दोघींच्या डोळ्यांवर नव्या फ्रेमा, दोघी हसऱ्या. फोटो निघाला. पडदा पुढे करत फोटोग्राफर म्हणाला, "वहिनींच्या डोळ्यांखालचं तेवढं मी साफ करून देतो. फार काम नाही." वहिनी म्हणजे सासू. तिच्या नवऱ्याने पडद्याकडे पाहिले. तो लोकांचे नंबर काढी. गिऱ्हाइके त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि तो कोणाची चूक दुरुस्त करत नसे. तो म्हणाला, "त्यापेक्षा हिलाच साफ करा की. सोपं पडेल."

विनोदच होता. पण विनोदाला ज्या घाईचे हसू लागते, ते वेळेवर पोचले नाही.

"तसंही पाटी लागली की तू आत बस," त्याने ती शांतता पुसून काढल्यासारखे म्हटले. "मामांना हात होईल. पाकिटं लावायची, काचा जुळवून द्यायच्या. बाहेर सूनबाई आहेच."

"मी बाहेर बसलेली अडचणीची झाले का?"

"अडचण कसली? गिऱ्हाईक आरशात बघायच्या आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतं. हे तुझंच म्हणणं ना?"

तिचेच होते. दुकान उघडले त्या दिवसापासून ती त्या काउंटरमागच्या उंच खुर्चीत बसत आली होती. रुंद कपाळाला कोणती फ्रेम शोभते, कोणते नाक नोजपॅडचा भार सहन करत नाही, पहिल्यांदाच चष्मा लागलेल्या तरुण मुलीला आरसा कधी द्यायचा आणि कधी लपवायचा, हे तिला कोणी शिकवले नव्हते. घरात ती कोणाची तरी कोणी होती. त्या खुर्चीत मात्र माणसे तिला विचारत, "वहिनी, तुम्ही सांगा, कसा दिसतो?" आणि ती सांगेल ते ऐकत. एवढेच तिचे राज्य. ते आता एका पडद्यापलीकडे, यंत्राच्या ओल्या भुकटीत, ढकलले जात होते.

"पाटी छापायला अवकाश आहे ना?" ती म्हणाली. "मग पुन्हा एकदा काढा फोटो. तोवर मी बघते काहीतरी."

"बघ की. कातडी म्हणजे काय शर्ट आहे, इस्त्री मारली की झालं?"

"बघू द्या तर खरं. चांगला आला तर मी बाहेरच बसेन. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, जसे मुलाला चंद्र कबूल करतात.

आत यंत्र सुरू झाले.

त्या संध्याकाळपासून घरातला बेसिनवरचा आरसा तिचा झाला. जन्मभर तिने त्या जागेकडे लक्ष दिले नव्हते. गालाचे कौतुक होते, कपाळाचे होते, डोळ्यांवर तर कवींनी पिढ्यान्पिढ्या उधळपट्टी केली; डोळ्यांखालची ती बोटभर पट्टी मात्र कोणाच्याच खाती नव्हती. दुधावरची साय धरायच्या आधी जे काही थरथरते, तितकी पातळ ती कातडी. जे इतर ठिकाणी मुरते, ते तिथे दिसते. जागरण, मीठ, रडणे, गिळलेले उत्तर: सगळ्याचा गाळ तिथे येऊन बसलेला.

पहिल्या दिवशी तिने तेल घेतले आणि चोळू लागली. सून दारात उभी होती.

"आई! अहो, भांडी घासताय का?"

"मग कसं?"

"थांबा." सून जवळ आली, तिने सासूच्या डोळ्याखाली अनामिकेचे टोक टेकवले. "या बोटात जोर कमी असतो. एक थेंब घ्यायचा आणि थोपटायचं. आतून बाहेर. ओढायचं मुळीच नाही. बाळ झोपवताना थोपटतो ना, तेवढंच."

"तू कुठे बाळ झोपवलंयस अजून?"

"तुमच्या लेकाला झोपवते की रोज फोनवर," सून म्हणाली आणि दोघी हसल्या. मुलगा कामासाठी परगावी असे आणि दोघींनाही त्याच्याबद्दल तक्रार करायला आवडे.

मग घराला एक नवे वेळापत्रक मिळाले. रात्री फ्रीजमध्ये दोन चमचे ठेवायचे आणि सकाळी त्यांची थंड पाठ डोळ्यांखाली टेकवायची. काकडीच्या चकत्या. जेवणात मीठ कमी, नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "हा दवाखान्याचा डबा कुठून आला?" उशीवर उशी ठेवून उताणे झोपायचे, म्हणजे सकाळी सूज राहत नाही. ती तशी झोपे, छातीवर हात, आणि शेजारी वळून नवरा म्हणे, "जिवंत आहेस ना?" उन्हात जाताना मलम, झोपताना दुसरे मलम. हे दुसरे घट्ट होते, लोण्यासारखे. "तांदळाच्या दाण्याएवढंच घ्यायचं," सुनेने बजावले होते. पण थोड्याने थोडा फरक पडत असेल तर जास्तीने जास्त पडेल, हे जगातले सर्वांत जुने भाबडे गणित तीही मांडून बसली. ती बोटभर घेई आणि थोपटत राही. एकाच शरीरात थोपटणारीही आपण आणि निजणारीही आपण, याची तिला सवय होत गेली.

आणि फरक दिसू लागला. आरशात ती जागा फिकी, सपाट, शांत दिसे. सुरकुत्या जणू ओहोटीला लागलेल्या.

"बघ गं, कमी झालंय ना?"

सुनेने पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले. "छान दिसतंय, आई," ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

दुकानात मात्र दिवस जुन्याच चालीने चालला होता. तिथे एक नियम होता, नवऱ्याने पहिल्या दिवशी घातलेला: काउंटरवर बसणाऱ्याने त्या आठवड्याची नवी फ्रेम डोळ्यांवर चढवायची. "तू आपली चालती-बोलती काचपेटी," तेव्हा तो लाडाने म्हणाला होता. आठवडा संपला की फ्रेम पुसून पुन्हा फळीवर जाई आणि विकली जाई; म्हणून तिच्यात नंबराची काच बसवायची सोय नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या शोच्या काचा, साध्या, बिननंबरी, तशाच राहत. तिच्या डोळ्यांवर आयुष्यभर चष्मा होता आणि त्यातून आयुष्यभर काही दिसले नव्हते.

चाळिशी उलटल्यावर अक्षरे विरघळू लागली, तेव्हा ती बोलली होती. "बसल्या बसल्या काढू तुझा नंबर," तो म्हणाला. मग गिऱ्हाईक आले. पुढच्या वेळीही आले. काही वर्षांनी तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "नंबराच्या काचेतून डोळे मोठे दिसतात, आणि खालच्या सुरकुत्या त्याहून मोठ्या. म्हातारी दिसशील. चाळिशी लावून फॅशन विकता येत नाही." तिला ते पटले, आपल्याविरुद्धचे मुद्दे तिला नेहमीच लवकर पटत. मग ती डोळे बारीक करून पाकिटे वाचायला शिकली. डोळे भरून आले की चष्मा वर सरकवून मनगटाने पुसायला शिकली. घरी सुईत दोरा सून ओवून देई. काखेत कळसा म्हणतात तो असा. फक्त वळसा घालायलाही तिला कोणी मोकळी सोडली नव्हती.

फोटोग्राफर पुन्हा येणार होता त्या दुपारी नवरा जेवायला घरी गेला. मामा यंत्राशी होते, सून काउंटरवर. तिला एकदा शेवटचे, नीट, चांगल्या उजेडात स्वतःला बघायचे होते. आणि दुकानात सर्वांत चांगला उजेड नंबर काढायच्या खोलीत होता.

ती पडदा सारून आत गेली. दिवा लावला. हातआरसा घेऊन ती तपासणीच्या खुर्चीत बसली, जिथे सगळे गाव बसून गेले होते आणि ती कधीच बसली नव्हती. शेजारी काचांची पेटी उघडी होती: मखमली खाचांत ओळीने उभ्या छोट्या गोल काचा, प्रत्येकीला पकडायला एक चिमूटभर मूठ. आणि ती तपासणीची फ्रेम, गोल, जड, काळी, जिच्यात त्या काचा एकामागून एक घालून तो विचारी, "आता? आणि आता?"

उगाच, खेळ म्हणून, तिने ती नाकावर चढवली. एक काच घातली. मग दुसरी. वाचून बघायची पाटी हातात घेतली; तिच्यावरच्या ओळी मुंग्यांसारख्या हलल्या. तिने जोडी बदलली, आणखी एकदा बदलली, आणि मुंग्या थांबल्या. सर्वांत खालची, सर्वांत बारीक ओळ स्वच्छ उभी राहिली. ती ओळ म्हणजे कोणाचा तरी पत्ता होता, नमुन्यासाठी छापलेला, अर्थहीन; तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग तिने आरसा वर धरला.

तिथे तिला कधी न भेटलेली एक बाई होती.

काहीच ओसरले नव्हते. ज्या आरशाने तिला महिनाभर शाबासकी दिली, तो आंधळा होता, कारण त्यात पाहणारे डोळे आंधळे होते. डोळ्यांखाली चुण्यांची जाळी जशीच्या तशी होती, आणि जाळीत आता पांढरे कण उठले होते, खसखस सांडल्यासारखे. त्या घट्ट मलमाचे, बोट बोटभर मायेचे. इतक्या जवळून बघणाऱ्या सुनेला ते दिसले नसतील? 'छान दिसतंय, आई.' नवरा तर दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत दिवा मारून पाही. सगळ्यांनीच डोळ्यांवर कातडे ओढून घेतले होते. पातळ कातडी फक्त तिच्या वाट्याला आली.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. ती डोळे बारीक करत नव्हती. दिसण्यासाठी तिला काहीच करावे लागत नव्हते. कपाळ सैल पडले होते आणि डोळ्यांखालच्या खोल चुण्यांमधल्या अर्ध्या, हळूहळू, रिकाम्या पिशवीसारख्या निवल्या होत्या. तिने मुद्दाम, पाकीट वाचताना करी तसे, डोळे आवळले. सगळ्या चुण्या हजर झाल्या, जुन्या नोकरांसारख्या, आपापल्या जागी. सोडले, गेल्या. पुन्हा आवळले.

म्हणजे हे वय नव्हते. निदान सगळे नव्हते. त्या बिननंबरी काचांनी घडी घालून घालून ही कातडी मोडली होती. आणि आता मोडली म्हणून तिला त्या खोलीत पाठवायचे होते, जिथे दुकानातली सर्वांत बारीक अक्षरे होती.

पडदा सरकला. नवरा दातांत काडी घालत उभा होता.

"हे काय सोंग? फोटोवाला आलाय बाहेर."

"येऊ दे."

"काढ ते. गिऱ्हाईक बसलंय."

"अहो," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा शांत निघाला. "सगळ्या गावाचे नंबर काढलेत. माझा किती असेल हो?"

त्याने तिच्याकडे पाहिले, फ्रेममधल्या काचेकडे पाहिलेही नाही. "दोन," तो म्हणाला. "फार तर सव्वादोन."

तिने काच काढली. काचेच्या मुठीवर कोरलेला आकडा वाचायला तिला दुसऱ्या डोळ्याची काच तशीच ठेवावी लागली. दोन.

"न तपासता कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? तू कागद किती लांब धरतेस ते रोज बघतोय मी. आधी एक होता, मग दीड. आता दोन." धंद्यातले एक साधे, जुने कसब सांगावे तसे त्याने सांगितले. सांगताना त्याला किंचित अभिमानही वाटला असावा.

बाहेर सुनेचा हसरा आवाज आला, "बसा ना, डॉक्टर येतीलच." त्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज. काउंटरमागची ती उंच खुर्ची, आता सुनेची. त्या खुर्चीच्या पायाचा किरर्र आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

"रोज बघत होतात," ती म्हणाली. "मग दिला का नाहीत?"

त्याने तिच्या हातातली काच घेतली. खिशातल्या फडक्याने ती दोन्ही बाजूंनी नीट पुसली, पेटीतल्या तिच्या खाचेत, आकडा वर येईल अशी, बसवली. मग दिवा मालवला आणि पडदा सारून तो बाहेर निघून गेला.