दोन मुठी मैदा

घरोघरी एक वाक्य तयारच असतं. जेवायला बसल्यावर कुणी "मला हे चालत नाही" म्हणालं, की ते लगेच बाहेर पडतं. "आमच्या वेळी नव्हती बुवा असली थेरं!" आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ते म्हटलंय, उगाच साळसूदपणाचा आव आणू नका. बेकरीवाले अप्पा तर ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

अप्पांची चिडचिड अगदीच अकारण होती असंही नाही. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. सकाळी त्यांच्या पावाच्या वासाने अख्खी गल्ली जागी व्हायची. "माझ्या पावाने आजवर कुणाचं पोट दुखलेलं नाही," हे ते छातीवर हात मारून सांगायचे. आणि अशा माणसाच्या घरात सून आली ती पावाचा तुकडाही तोंडात घालू न शकणारी! लोक हसायचे, अप्पाही वरवर हसायचे. पण आत कुठेतरी ते त्यांना लागायचं.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सूनबाई सारखी आजारी असायची. पोट बिघडलेलं, तोंड आलेलं, रक्त कमी, विंचरावं तर कंगव्यात केसांचा पुंजका. घरच्यांनी 'नाजूक आहे' असा शिक्का मारला आणि विषय संपवला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं पाहिलं आणि सांगितलं, हा सिलिॲक नावाचा आजार. गव्हात आणि त्याच्या भाऊबंद धान्यांत ग्लुटेन नावाचा जो घटक असतो, तो हिला जन्मभर वर्ज्य. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध.

सूनबाईने स्वयंपाकघरातली एक फळी आपली करून घेतली. तिथे तिचा तवा, तिची चाळणी, तिचा चमचा, सगळ्यांना लाल चिकटपट्टी लावलेली. वर्षभरात पोरगी बघता बघता सावरली. ती नकाशांच्या कचेरीत आराखडे काढायची. पूर्वी तीन जिने चढताना दोनदा बसायची, आता एका दमात वर जायला लागली.

एकच गोष्ट अप्पांना झोंबायची, ती म्हणजे तिचा प्रश्न. कुणीही काही पुढे केलं की ती हळूच विचारायची, "यात काय काय आहे?" एकदा नात्यातल्या एका समारंभात तिने असंच विचारलं आणि यजमानीणबाईंचा चेहरा पडला. घरी येताना अप्पा कडाडले, "चारचौघांत माझं नाक कापलंस! विष घालणार होते का ते तुला?" त्यानंतर ती कुठेही गेली की आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची आणि कुणालाच काही विचारायची नाही.

मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वाढदिवशी मात्र अप्पांना राहवलं नाही. सगळे केकवर तुटून पडलेले आणि सूनबाई खिडकीशी उभी राहून फुटाणे खात होती. म्हाताऱ्याच्या काळजात चर्र झालं. घरात बेकरी आणि सूनच उपाशी! दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "पोरी, तुझा पाव मी करणार. बिनगव्हाचा. बघशीलच तू!"

तांदळाचं पीठ आणलं, बटाट्याचं सत्त्व आणलं. सुट्टीच्या दिवशी बेकरीचं दार लावून घेऊन अप्पा कामाला लागले. पण ते पीठ कसलं ऐकतंय! मळावं तर विस्कटे, भाजावं तर मधोमध बसे, कापावं तर भुगा. अशा चार सुट्ट्या फुकट गेल्या. "याला ओढच नाही," अप्पा पुटपुटत. बेकरीवाल्याच्या हाताला पिठाची ओढ लागते. ताणलं की ताणलं जातं, सोडलं की परत येतं. असला पडका पाव अप्पांच्या नावाने बाहेर जाणार? लोकांनी बघितलं तर काय म्हणतील?

पाचव्या वेळी त्यांचा हात मैद्याच्या पोत्यात गेला. आपोआप गेला असं ते नंतर स्वतःशी म्हणत, पण हात काही आपोआप जात नसतो. एक मूठ, मग आणखी एक. 'दोन मुठींनी काय होतंय? औषधापुरता तर आहे!'

पाव असा फुगला म्हणता!

सूनबाईने तो हातात घेतला, वास घेतला, दाबून पाहिला. विचारायला तिचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग ती हसून म्हणाली, "तुम्ही केलाय म्हटल्यावर विचारायचं काय, अप्पा!" पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तीन वर्षांनी पाव खाल्ला हो मी!" सासूबाईंनी कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाने बापाची पाठ थोपटली. अप्पांना त्या क्षणी सांगता आलं असतं. पण इतकं कौतुक एकदम पदरात पडल्यावर ते परत कोण करतो?

मग दर आठवड्याला तसाच पाव आणि दर आठवड्याला त्यात दोन मुठी. तिला काही होत नव्हतं ना! निदान वरून दिसत तरी नव्हतं. तीन महिन्यांनी ती जिन्यात पुन्हा बसायला लागली. तोंड आलं, केस गळायला लागले, कचेरीतली रजा संपत आली.

घरात चौकशी सुरू झाली. "ऑफिसात काही खातेस का?" नवऱ्याने विचारलं. "माहेरी गेली होती ना मागच्या महिन्यात," सासूबाई म्हणाल्या, "जिभेवर ताबा नसतो एकेकाचा." सूनबाई रडकुंडीला येऊन शपथा घेत होती. अप्पा पेपरात डोकं खुपसून बसले होते, आणि पेपर उलटा धरलाय हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन अप्पाच गेले. रक्ताचा अहवाल पाहून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पथ्य मोडतंय कुठेतरी."

"नाही हो डॉक्टर. घरचंच खाते. आणि अप्पांच्या हातचा पाव, तो तर खास माझ्यासाठीच असतो."

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. "पावात काय काय घालता?"

तोच प्रश्न! सून मोठ्या विश्वासाने त्यांच्याकडे बघत होती. "तांदळाचं पीठ," ते म्हणाले, "बटाट्याचं सत्त्व. यीस्ट. मीठ." आणि थांबले.

"गहू? मैदा?"

"छे छे!"

बाईंनी चष्मा काढला. "अप्पा, एवढं का विचारते, ते सांगते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. हिच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीर चवताळतं आणि ती लव स्वतःच कापून काढतं. काहींना लगेच उलट्या होतात, काहींना हिच्यासारखं आतल्या आत पोखरतं. थोडंसंच खाल्लं म्हणून सुटका नसते. पावाचा चुरासुद्धा पुरतो." मग सूनबाईकडे वळून त्या म्हणाल्या, "पथ्य पाळूनही असं होत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. आठ दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालू. मग जड औषधं सुरू करावी लागतील. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, पण इलाज नाही."

चुरा पुरतो! आणि अप्पांनी दोन-दोन मुठी घातल्या होत्या, तेरा आठवडे. परतीच्या वाटेवर ते सुनेच्या मागे चार पावलं राहून चालत होते. 'आता घालणारच नाही,' त्यांनी ठरवलं. 'आपोआप बरी होईल. कुणाला कळायची गरज काय?' त्या आठवड्यात त्यांनी पाव केलाच नाही, भट्टी बिघडल्याची थाप मारली. संध्याकाळी सूनबाई त्यांच्यापाशी येऊन म्हणाली, "पाव नाही का या वेळी? तेवढा एकच घास गोड लागतो हो मला." अप्पा तडक उठून न्हाणीघरात गेले आणि हात धूत बसले. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी किती वेळ धूतच होते.

आठवा दिवस उजाडला. इस्पितळाच्या व्हरांड्यात सूनबाई निळा झगा घालून बाकावर बसली होती, मनगटात सुई टोचलेली. नवरा कागद घेऊन खिडकीपाशी उभा होता. आत यंत्राची तयारी चाललेली. तिने अप्पांचा हात धरला.

"अप्पा, घरात कुणालाच माझं खरं वाटत नाही. तुम्हाला तरी वाटतं ना? मी चोरून काही नाही खाल्लं हो."

अप्पांना धरणी दुभंगावी असं वाटलं. हिला आत नेतील, नळी घालतील, उद्या हाडं झिजवणारी औषधं देतील. आणि हे सगळं कशासाठी? आपली मान ताठ राहावी म्हणून!

"थांबा!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की नर्सच्या हातातला ट्रे हलला. "नका नेऊ तिला! तू नाही खाल्लंस, पोरी. मी खायला घातलं! पाव फुगेना म्हणून मैदा घातला. पहिल्या पावापासून. दर वेळी!"

मुलाच्या हातातले कागद खाली पडले. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"प्रेमानंच केलं हो मी," अप्पा म्हणाले. "तिला पाव खायला मिळावा म्हणून."

"प्रेम होतंच," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण पाव फुगलाच पाहिजे, ही हौस कुणाची होती? तिची की तुमची? तिला सपाट, मोडका पावही चालला असता. तो तुम्हाला चालला नसता. आणि मी तुम्हाला समोर बसवून विचारलं, तेव्हाचं काय?"

 

सूनबाईने त्यांचा हात सोडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "मी दाताची पेस्ट बदलली, अप्पा. ऑफिसातला पेला बदलला. ओठांना लावायचं टाकून दिलं. माझ्यावरच संशय घेत राहिले मी. फक्त तुमच्या पावावर नाही घेतला."

दुर्बीण रद्द झाली. जड औषधं टळली. बाई म्हणाल्या, कडक पथ्य पाळलं तर काही महिन्यांत आतडं सावरेल. मुलगा बापाशी बोलेनासा झाला. सूनबाई चहाचा कप ठेवायची, पण त्यांच्याकडे न बघता.

अप्पांनी क्षमा मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार? त्यांनी बायकोला समोर बसवून सांगितलं, "तिच्या जिभेचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता." मग समारंभातल्या त्या यजमानीणबाईंच्या घरी जाऊन, लाजेने अर्धमेले होत, तेच सांगितलं. "सून विचारते ते बरोबर विचारते. मीच गाढव होतो."

माळ्यावर एक रिकामी खोली होती. ती त्यांनी धुऊन काढली. तिथे नवी परात, नवी चाळणी, छोटी वेगळी भट्टी आली. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, बेकरीत पाऊलही न टाकता ते थेट वर जायचे आणि पाव करायचे. तो पाव बसका व्हायचा, भेगाळायचा. तसाच ते आणून तिच्या फळीवर ठेवायचे. पाच आठवडे तिने त्याला हात लावला नाही. पाचही वेळा अप्पांनी मुकाट्याने तो उचलून स्वतः खाल्ला.

सहाव्या आठवड्यात ती फळीपाशी थांबली. पाव उचलून उलटापालटा करत म्हणाली, "यात काय काय आहे?"

अप्पा उठून उभे राहिले. पूर्वी ज्या प्रश्नाने अंगाचा तिळपापड व्हायचा, तोच आज कानाला किती गोड लागला! "तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, यीस्ट, मीठ, तेल."

"चाळणी?"

"नवी. लाल पट्टीची."

"तांदूळ कुठे दळले?"

"घरी, वरच्या खोलीत. गिरणीत नाही दिले. तिथे गहूही दळतात."

"मैदा?"

अप्पांची मान खाली गेली. "नाही. कणही नाही."

मग तिने तुकडा मोडला. अर्धा हातात आला, अर्ध्याचा भुगा होऊन ताटलीत पडला. "फार तुटतो हो."

"तुटू दे, पोरी," अप्पा म्हणाले.

आज तिची तब्येत उत्तम आहे, तिन्ही जिने ती एका दमात चढते. पण वाचकहो, दर आठवड्याला ती तोच प्रश्न विचारते आणि दर आठवड्याला अप्पा पहिल्यापासून सगळं सांगतात. 'मैदा?' म्हटलं की त्यांची मान अजूनही खाली जाते. ती तशीच जायला हवी, असं त्यांनाही वाटतं.

उद्या तुमच्या-आमच्या घरी कुणी ताटाला हात लावण्याआधी विचारील, "यात काय काय आहे?" तेव्हा कपाळाला आठ्या घालू नका. तो आपल्या हाताचा अपमान नाही. त्या माणसाने स्वतःचा जीव आपल्या हातात दिलेला असतो. आपण फक्त खरं सांगायचं. आणि ठाऊक नसेल, तर 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटून घ्यायची नाही. लाज वाटायला हवी ती खोटं सांगण्याची. ती किती वाटते, हे एकदा अप्पांना विचारा!