पंख्याची पिन

थोरली शाळा संपल्यापासून बाबांच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यात राबत होती. धाकटी शहरात शर्यतीच्या बोटी चालवून दोन वर्षांनी परतली, आणि बाबांनी डॉक्टरीणबाईंच्या शिडाच्या बोटीच्या बुडाखालचा, इंजिनावर फिरणारा नवा पंखा तिलाच बसवायला दिला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पंखा बसवणं हे तिचं काम, आजवर तिनेच केलेलं.

धाकटीने पंखा दांड्यावर चढवला, नट आवळला आणि गप्पा मारायला निघून गेली. थोरली बुडाला रंग द्यायला बोटीखाली शिरली, तेव्हा तिला दिसलं, नटाच्या भोकात पिनच नाही. पिन नसली की नट फिरून फिरून सैल होतो आणि पंखा जातो पाण्यात. हाताशी पिनांची डबी होती. तिने रंगाचा ब्रश उचलला. कळू दे एकदा बाबांना, कोण किती पाण्यात आहे ते.

सकाळी बोट पाण्यात उतरली. सुकाणूवर धाकटी, शेजारी बाबा. फेरी मारून परतताना वेग कमी करायला तिने इंजिन उलटं फिरवलं आणि पंखा निखळला. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं, बोट दगडी बंधाऱ्याकडे निघाली. धक्क्यावर उभी थोरली कडेपर्यंत धावली. बाबाही बोटीवर असतील, हे तिने धरलंच नव्हतं.

धाकटीने झटक्यात शीड चढवलं, वारा पकडला आणि बोट वळवून अलगद धक्क्याला आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोर झेलताना थोरलीचा जीव भांड्यात पडला, पण त्याच भांड्यात मत्सर उकळत होता.

पिन राहिल्याचं धाकटीने लगेच कबूल केलं. बाबा थोरलीकडे वळले.

“तू खाली रंग देत होतीस. तुला दिसलं नाही?”

“दिसलं.”

बाबा बोटीतून धक्क्यावर उतरले. मग म्हणाले, “तिची चूक झाली. तुझी झाली नाही, तू केलीस.”

बोट पुन्हा वर ओढली. दुसरा पंखा दोघींनी मिळून बसवावा, असं बाबांनी सांगितलं. ताई, पिनेची टोकं किती वाकवू, असं धाकटी विचारत राहिली. थोरली सांगत राहिली. धाकटीने पिन वाकवली, तीही थोरलीपेक्षा सफाईने. थोरलीला ते पुन्हा खुपलं.

तिने पिन हलवून पाहिली. पक्की होती.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.