धुलाईचा बुधवार

आमच्या निवासगृहात बावीस मुली आणि एकशे चार चादरी. मुली कमीजास्त होतात, चादरी मला विचारल्याशिवाय होत नाहीत. कापडाची कोठी अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे आहे. मुली मला कोठीमावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीला सगळ्या सुतळीबॉम्ब म्हणायच्या. येऊन दीड महिना झाला होता. एरवी गरीब गाय, धाकट्या मुलींच्या वेण्या घालणारी. पण एखाद्या संध्याकाळी शाळेतून यायची आणि दहा मिनिटांत कपाटाचं दार निखळलेलं. एकदा खिडकीची काच गेली. एकदा तिने स्वतःच्याच गादीवर बादलीभर पाणी ओतलं. हे सगळं मोठ्या मॅडमच्या वहीत लाल शाईने उतरलं. चार लाल नोंदी झाल्या की मुलगी कडक शिस्तीच्या दुसऱ्या संस्थेत, असा नियम. तिच्या तीन झाल्या होत्या.

मॅडमनी कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा ‘स्वभाव’ लिहिलं होतं. समुपदेशक सर नवे, पोरसवदा. तिच्यासमोर तासभर बसत आणि बाहेर येऊन सांगत की वेळ लागेल. वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. मुलीकडे एक नोंद उरली होती.

मला मात्र भिजलेली गादी रद्द दाखवायची होती. तारखेसाठी लाल वही मागून आणली आणि माझी वही शेजारी उघडली. त्या दिवशी धुलाई. म्हटलं, असेल. काचेची तारीख पाहिली, धुलाई. कपाटाची, तीही धुलाईच. आमच्याकडे एकाआड एक बुधवारी मुली शाळेत गेल्या की सगळ्या चादरी-अभ्रे काढायचे, गाद्या उघड्या ठेवायच्या आणि संध्याकाळी सातला धुतलेलं कापड वाटायचं. ही पद्धत मीच बसवलेली, आणि मला तिचा भारी तोरा होता.

सरांना दोन्ही वह्या दाखवल्या, तर हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी तिची फाइल काढली. याआधी पाच ठिकाणी राहिलेली. प्रत्येक ठिकाणच्या कोठीवाल्याने तिला हलवलं त्या दिवशीची पावती जोडली होती: चादर एक, अभ्रा एक, जमा, सकाळी अकरा. शाळेच्या वेळेत. सरांनी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली. पोरीला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. शाळेतून यावं तर पलंग उघडा, पिशवी दाराशी.

आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. चादरी धुवायच्याच नाहीत की काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धुवायच्या, पण आदल्या दिवशी सांगून, आणि जिची तिने काढायची. एकीसाठी वेगळा नियम कसा करू, म्हणाल्या. मग बावीसजणींना तोच करा, मी म्हटलं. त्यांनी एक बुधवार दिला. बदलीचा कागद तयार होता, फक्त तारीख घालायची राहिली होती.

मंगळवारी तिला कोठीत बोलावलं. पावत्यांचा विषय काढू नका, सरांनी बजावलं होतं, नुसतं सांगा.

“उद्या चादरी धुवायच्या आहेत,” मी म्हटलं. “तुझी तू काढून आण. आणि तुला कधी इथून जायचंच असलं, तर ते आम्ही तुला तोंडावर सांगू. तुझा पलंग उघडा करून नाही.”

“असं सगळेच म्हणतात.”

“सगळे लिहून देत नाहीत.” मी तेच वाक्य माझ्या वहीत लिहिलं, खाली सही केली आणि वही तिच्याकडे फिरवली.

तिने ते दोनदा वाचलं.

बुधवारी सकाळी साडेसातला ती चादर-अभ्रा घडी घालून घेऊन आली. दुसरी जोडी आत्ताच हवी, म्हणाली, शाळेत जायच्या आधी घालायची आहे. कापड सातला मिळतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि काढून दिली.

संध्याकाळी ती आली आणि थेट जिना चढली. जिन्याखाली मॅडम लाल वही घेऊन उभ्या राहिल्या. मी अभ्र्यांची एकच थप्पी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. वर काहीच वाजेना.

मग ती खाली आली, हातात उशी.

“मावशी, अभ्रा आखूड दिलात. उशी बाहेर येते.”

बघितलं, तर खरंच आखूड होता. अठ्ठावीस वर्षांतली माझ्याविरुद्धची पहिली लेखी तक्रार तिने माझ्याच वहीत, माझ्याच निळ्या पेनाने लिहिली.

“पुढच्या धुलाईला नीट मोजून द्या,” असं बजावून ती वर गेली.

मॅडमनी माझ्या वहीत डोकावून तक्रार वाचली, लाल वही काखेत मारली आणि मला विचारलं, पुढची धुलाई कधी आहे.

मी तारीख सांगितली.