आमच्या मातीवरचे घोडे

डेंझिलचे भालेस्वार टेबलावर आले तेव्हा सगळ्यांनी घोडे पाहिले. मी घोड्यांच्या पायांखाली पाहिलं.

घोडे देखणे होते, खोटं कशाला बोलू? अंगठ्याएवढा एकेक प्लास्टिकचा घोडा, त्यावर पोलिश स्वार, भाल्याच्या टोकाला लाल-पांढरं निशाण. नाकपुडीच्या आत गुलाबी ठिपका, तोही ओला वाटावा असा. डेंझिलने तिकडे कॉर्नवॉलमध्ये आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आणि म्हातारपणी लेकीजवळ राहायला आमच्या या गिरणीच्या गावात आला. हिरड्या रंगवून रंगवून हात बसलेला माणूस. त्याच्या रंगाचं मला काही नव्हतं. माझ्यापेक्षा चांगलं रंगवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण ते घोडे ज्या चकत्यांवर उभे होते त्या चकत्यांवरची माती आमची होती.

आमची म्हणजे माझी आणि नॉरिसची.

शिपाई कोणीही रंगवतो. चित्र समोर ठेवायचं आणि अंगरखा निळा तर निळा, पांढरा तर पांढरा. फौज कुणाची हे अंगरख्यावरून कळत नाही, पायाखालून कळतं. प्रत्येक शिपाई चकतीवर चिकटवायचा, चकतीला पांढरा गोंद लावायचा, त्यावर वाळू, वाळूवर रंग, रंग वाळला की कोरड्या कुंचल्याने वरून फिकट हात आणि शेवटी गवताची चिमूट. सगळे असंच करतात, पण दोघांची माती कधी सारखी होत नाही. आम्ही ती मुद्दाम सारखी केली होती. वाळू मोरकॅमच्या किनाऱ्यावरची, नॉरिसच्या बायकोच्या चहाच्या गाळणीतून चाळलेली. रंग नॉरिसच्या सासऱ्याने कबुतरखान्याला लावला होता त्यातला उरलेला, किंचित शेवाळी झाक असलेला तपकिरी. तसला रंग आता कोणी बनवत नाही. डबा नॉरिसच्या तळघरात असतो आणि आम्ही तो जपून वापरतो.

त्याचे फ्रेंच निळे, माझे सॅक्सन, म्हणजे फ्रेंचांच्या बाजूने लढणारे जर्मन, पांढरे. दोघांच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून या टेबलावरच्या फाशांच्या खेळात आम्ही एका बाजूने लढतोय. दर गुरुवारी, चॅपलच्या हॉलमध्ये. नियमांचं पुस्तक तो मोठ्याने वाचायचा, कारण तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे मी शिकलो, तरी वाचायचा तोच. आणि आमच्या फौजा शेजारी उभ्या केल्या की त्याची जमीन कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, हे कोणाला दाखवता आलं नसतं.

"काय बघतोयस एवढं?" नॉरिस म्हणाला. "घोडे चावत नाहीत."

"माती ओळखीची वाटते."

"हो, मग? त्याने मागितली, मी दिली. बरणीभर."

"बरणीभर!"

"जॅमची बरणी रे, बादली नव्हे. तो आपल्याच बाजूने लढणार, तर रांग एकसारखी दिसायला नको?"

डेंझिल लगेच पुढे आला. त्याचं सगळंच लगेच असतं. "क्लेम, तुमची हरकत नाही ना? मी नॉरिसला म्हटलं होतं, आधी तुम्हाला विचारू या."

"हरकत कसली?" मी म्हणालो. "डबा त्याचा, कबुतरं त्याच्या सासऱ्याची."

डॉरीन चहाच्या भांड्यामागून बघत होती. हॉलच्या किल्ल्या तिच्याकडे असतात आणि गावाच्या बातम्याही. "क्लेम, तोंड असं का रे? दूध नासलंय का?"

"दूध ठीक आहे, डॉरीन."

"मग नासलंय काय?"

आमच्यात एक समजूत आहे की नवं रंगवलेलं पथक पहिल्या लढाईत हटकून पळतं. माझे झाडून सगळे पळालेत. नॉरिसचे तोफखानेवाले तर तोफा टाकून पळाले होते. म्हणून मी खुर्ची ओढून बसलो आणि वाट बघितली. डेंझिलचे भालेस्वार पळाले नाहीत. त्यांनी ऑस्ट्रियनांची एक आख्खी पलटण उधळली, टेकडी चढले, आणि नॉरिसने आनंदाने डेंझिलच्या पाठीत अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकावर घसरला. इतकी वर्षं ती थाप माझ्या पाठीची होती. त्या रात्री डावा खांदा दुखत होता आणि तो कोणी न मारल्यामुळे दुखत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरचे गुरुवार काही फार वेगळे नव्हते. नॉरिस मला अजूनही दाराशी थांबून हाक मारायचा. पण बोलण्यात "डेंझिल म्हणतो" यायला लागलं. डेंझिल म्हणतो वार्निश दमट हवेत मारू नये. हे मीच नॉरिसला शिकवलं होतं, त्याची एक पलटण पिठात लोळवल्यासारखी पांढरी झाली तेव्हा. डेंझिल म्हणतो गवत जरा विरळ बरं. आणि एका गुरुवारी, तोफेच्या पल्ल्यावरून वाद झाला तेव्हा, नॉरिसने पुस्तक उचललं आणि वाचायला डेंझिलकडे दिलं. म्हणाला, "याचा चष्मा नवा आहे."

त्या हिवाळ्यात मी माझी सगळी फौज मातीवरून उपटली.

हे काम कोणी करत नाही. पातळ पातं शिपायाच्या बुटाखाली सरकवायचं आणि श्वास रोखून दाबायचं. घोटे मोडतात. घोड्यांचे पाय तर काडीसारखे तुटतात, मग ते चिमट्याने धरून पुन्हा जोडायचे. जुन्या चकत्या मी कोळशाच्या बादलीत टाकत गेलो. नव्या चकत्यांवर नदीकाठची वाळू घातली, आणि रंगासाठी पुढच्या दाराचा उरलेला लाल घेऊन त्यात काळा मिसळला. पहिल्यांदा विटेसारखा झाला, दुसऱ्यांदा कलेजीसारखा. मग मायलोच्या, म्हणजे माझ्या मांजराच्या, ताटलीत थोडा पांढरा मिसळून पाहिला आणि जमला. पावसानंतर नांगरलेल्या लाल शेताचा रंग. वर गवत घातलंच नाही.

माझी कल्पना अशी होती की नॉरिस बघेल, गप्प होईल, आणि मला बाजूला घेऊन म्हणेल, क्लेम, चुकलंच माझं.

मे महिन्यात हॉल गावासाठी उघडा असतो. लोक पोराबाळांसह येतात, डॉरीन केक कापते, आणि मधल्या मोठ्या टेबलावर वर्षातली सगळ्यात मोठी लढाई होते. ती कुठली आणि कोण कुठे उभं राहणार, हे नॉरिस ठरवतो. आम्ही दोघं कायम मध्यभागी, दाराकडे तोंड करून.

मी पेट्या उघडल्या आणि सॅक्सन त्याच्या फ्रेंचांशेजारी मांडले. जखमेवर पट्टी चिकटवावी तशी माझी फौज दिसत होती.

नॉरिसने चष्मा वर केला, खाली केला. "हे काय?"

"नव्या चकत्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"बाप रे," डेंझिल म्हणाला. "किती काम केलंत! मध्ये एखादा रस्ता टाकला तर जुळेल, नॉरिस. नाहीतर ओढा. माझ्याकडे ओढा आहे गाडीत."

"ओढा नको," नॉरिस म्हणाला. मग सॅक्सनांचं पहिलं तबक त्याने स्वतः उचललं आणि चालत पलीकडे नेऊन ठेवलं, ऑस्ट्रियनांच्या शेजारी. "सॅक्सन खऱ्या लढाईतसुद्धा शत्रूकडे फिरले होते. ऐन लढाईत. लोकांना सांगायला बरी गोष्ट आहे."

"नॉरिस, मी तुझ्याविरुद्ध लढू?"

"माती तूच बदललीस, गड्या."

बाकीची तबकं मी उचलली. दुसरं काय करणार? माझ्या जागेवर, त्याच्या उजव्या हाताला, डेंझिल उभा राहिला, आणि त्याचे घोडे त्या शेवाळी मातीवर असे मिसळून गेले, जणू तिथेच चरून मोठे झालेत. रांग एकसारखी दिसत होती. आणि ती बघायला मला अगदी समोरची जागा मिळाली होती.

लोक आले. एका बाईने विचारलं, "त्या बाजूची जमीन लाल का हो?" डेंझिल तिला समजावायला लागला. मी कोणालाच काही समजावलं नाही. मी भालेस्वारांवर तोफा लावल्या. शहाणा माणूस आधी पायदळावर लावतो, पण मला शहाणपण नको होतं, घोडे हवे होते. पहिल्या फेरीत तीन पडले आणि डेंझिलने ते आडवे न करता जपून उचलून पेटीत ठेवले, त्याचाही मला राग आला.

"तो माझ्यामागे का लागलाय?" डेंझिल नॉरिसला म्हणाला. मी ऐकावं असं काही त्याच्या मनात नसावं, पण हॉलमध्ये आवाज घुमतो.

"कोण, क्लेम?" नॉरिस म्हणाला. "तुझ्यामागे नव्हे." फासे हातात घेतले, टाकले नाहीत. मग तसाच फासे मुठीत धरून टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला. लढाई चालू असताना कोणी असं करत नाही, शत्रूच्या बाजूने बघणं आमच्यात वाईट समजतात.

त्याने वाकून एका चकतीवरून बोट फिरवलं. मग बोट हुंगलं, जणू वासावरून कळणार होतं.

"कुठला डबा हा?"

"माझा."

"ते दिसतंय. कशाचा?"

"नाही सांगत."

"वाळू मोरकॅमची नाही."

"नाही."

"बारीक आहे." तो आणखी वाकला. "फिकट हात कशाचा मारलायस? पांढऱ्याचा नाही हा. पिवळट आहे. क्लेम, हे असं मला कधी जमलं नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या.

"डेंझिलला माहीत आहे?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "त्याने मदत केली तुला? हिवाळ्यात तुम्ही दोघं बसत होतात का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या जिभेवर आलाही होता.

"त्यालाच विचार ना," मी म्हणालो.

नॉरिसने टेबलापलीकडे बघितलं. डेंझिल त्या बाईला निशाणं दाखवत होता आणि हसत होता. मग नॉरिसने पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि मी आरशात रोज सकाळी दाढी करताना जे तोंड बघत होतो, ते त्याच्या मानेवर बसलेलं मला दिसलं.

"बरणीभर देशील?" तो म्हणाला.

"बघू."

"जॅमची बरणी. छोटी."

"बघू म्हटलं ना, नॉरिस."

पलीकडून डेंझिलने हाक मारली. "नॉरिस, तुझे फासे!" मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. नॉरिस माझ्या बाजूलाच वाकून उभा होता, फासे मुठीत, डोळे माझ्या लाल मातीवर. मी त्याला घाई केली नाही.